अंकुशमामांचं दुसरं कडवं

डीजे आला आणि अंकुशमामांची बेंजो पार्टी आठ माणसांवरून चारवर आली. ढोलवाले दोघे कामासाठी पुण्याकडं गेले, ताशावाल्यानं रसवंती टाकली, आणि खुळखुळा वाजवणारा म्हातारा वारला तर त्याच्या जागी कुणाला घेतलंच नाही. राहिले स्वतः मामा, पॅडवर त्यांचा मुलगा गणेश, एक कीबोर्डवाला आणि टेम्पोचा ड्रायव्हर, जो गरज पडली तर झांजही वाजवायचा.

धाराशिवकडच्या वाशीत त्यांच्या आणि आमच्या अंगणात एकच छातीएवढी भिंत. अलीकडं आमच्या वडलांची मेंढरं, पलीकडं मामांचे भोंगे. पावसात त्यांचे पत्रे गळायला लागले की शांतामामी आधी भोंगे झाकायच्या, मग बेंजो, मग पीठ. या क्रमावरून नवरा-बायकोचं भांडण मी लहानपणापासून ऐकत आले. भांडण दरवर्षी व्हायचं, क्रम कधी बदलला नाही. मामी बाजारात आडतीवर सोयाबीन चाळायला जायच्या आणि संध्याकाळी येताना त्यांच्या पापण्यांवरसुद्धा धूळ असायची. एका उन्हाळ्यात सगळ्या लग्नसराईत मिळून पाच सुपाऱ्या आल्या. मामांनी त्या वर्षी चहा सोडला आणि आम्हाला सांगितलं, पित्त होतं म्हणून सोडला.

हे आधी सांगून टाकते. पुढं लोक त्यांना 'जपानी मास्तर' म्हणून हसायला लागले तेव्हा हसणाऱ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला उतारवयात छंद लागलाय. छंद लागावा असं त्या घरात काही नव्हतं.

मामांचा बेंजो म्हणजे हातभर लांब लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. नखी ते तुटलेल्या कंगव्यातून कापून घ्यायचे. दुकानातली नखी लई गुळगुळीत बोलती म्हणायचे. त्यामुळं आमच्या गल्लीत कुणाचाही कंगवा मोडला तरी तो मामांच्या घरी पोचता व्हायचा. सकाळी आंघोळ झाली की बटणांच्या सांध्यांत खोबरेल तेलाचा थेंब थेंब सोडायचे आणि बोटं मोकळी करायला एकच उतरण वाजवायचे. सूर वरून घसरत खाली यायचे, मग मध्येच थांबून अर्ध्यातून परत वर. याला ते दात घासणं म्हणायचे. रांगायला लागल्यापासून गणेश त्या उतरणीवर चमच्यानं तेलाचा रिकामा डबा बडवायचा. आमच्या घरी घड्याळ नव्हतं. तो डबा वाजला की आई म्हणायची, उठा, शाळा भरायची वेळ झाली.

माणूस बुटका, कानावर केस, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत जेवायचे नाहीत. पोट भरलं की हात जड होतो, हे कारण. गल्लीत दोन बायका कचाकचा भांडत असल्या तर दारातूनच म्हणायचे, "पट्टी खाली घ्या, पट्टी खाली घ्या." वाजवणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. कुणी सुपारी ठरवताना घासाघीस केली तरी गप्प, कुणी नाचता नाचता त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली तरी गप्प. गणेशला या गप्प बसण्याचाच राग होता.

गणेश माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमच्या सगळ्या भावकीत पदवीपर्यंत गेलेली मी पहिली, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. मी धाराशिवला कॉलेजात होते तेव्हा तो बारावी सोडून पॅडवर बसला होता. त्याच्या मोबाइलमध्ये जपानी ॲनिमे भरलेले असायचे. कार्टून म्हटलेलं त्याला खपायचं नाही. सुट्टीत मी आले की भिंतीवर दोन्हीकडून कोपरं टेकून तो मला शिकवायचा. प्रत्येक ॲनिमेला सुरुवातीचं एक गाणं असतं आणि शेवटचं एक. सुरुवातीचं धावतं, शेवटचं बहुतेक संथ. ती गाणी कुणी किरकोळ माणसं करत नाहीत, तिकडचे खरेखुरे रॉक बँड करतात. केस पिंजारलेले, डोळ्यांत काजळ घातलेले चार-पाच जण, किंवा एखादी एकटीच बाई, जिचा आवाज फाटायला येतो पण फाटत नाही. पुष्कळदा ते आधी गोष्ट वाचतात आणि मग गाणं बांधतात. कुणी न विचारलेला बँड एका ॲनिमेच्या गाण्यानं सगळ्या देशाच्या तोंडी जातो.

"आन् मेन म्हंजी काय तायडे," तो म्हणाला, "गाणं चालू असतानाच वाजवणाऱ्यांचं नाव येतं पडद्यावर. दर भागाला. आमच्या आप्पांचं नाव तू कदी कुठल्या पत्रिकेत वाचलंस?"

आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत भाऊबंदांची दोन दोन पानं नावं असतात. जन्मून सहा महिने झालेल्या पोराचंसुद्धा 'यायचं हं' म्हणून असतं. वाजवणाऱ्याचं मी कधी वाचलेलं नव्हतं.

त्याचं म्हणणं एवढंच होतं की परण्यात एक तरी जपानी गाणं घ्यावं. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो ती मिरवणूक. मामा म्हणायचे, आधी लोकांचं वाजव, मग तुझं वाजव. दोन वर्षं हेच चाललं होतं.

नळदुर्गच्या एका परण्यात ते तुटलं. नवरदेव देवळात शिरला की बाहेर पार्टीनं साधं भजन वाजवायचं, अशी रीत. त्या दिवशी मामांची तार उतरली होती आणि ते खाली मान घालून ती लावत होते. तेवढ्या वेळात गणेशनं पॅडवर त्याच्या आवडत्या गाण्याचा ठेका सुरू केला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. नवरदेवाचा चुलता पुढं आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मास्तर, पोराला भूत लागलंय, का तुम्हीच लावलंय?" लोक हसले. ज्यांनी आयुष्यात कुणाला उलटून उत्तर दिलं नव्हतं त्या मामांनी मुलाच्या थोबाडीत मारली.

गणेशनं दोन्ही काड्या पॅडवर एकीला एक लागून नीट ठेवल्या आणि चालू लागला. पाणी प्यायला गेला असेल असं सगळ्यांना वाटलं. मामांनी भजन वाजवलं, मग परतीचा परण्या वाजवला, मंगलाष्टकं झाल्यावर तोरणाखालचं वाजवलं. घेतलेली सुपारी अर्धी टाकायची नाही, हाही त्यांचाच नियम. मग हायवेवर गेले. एका धाब्यावाल्यानं सांगितलं, बारीक पोरगं हैद्राबादकडच्या ट्रकमध्ये बसलं. दुसरा म्हणाला, सोलापूरकडच्या.

"तासभर," मामा पुढं कधीही मध्येच म्हणायचे, "पोरगं जात हुतं आन् म्या वाजवत हुतो."

मोबाइल टेम्पोत चार्जिंगला लावलेला, तो मागंच राहिला. तक्रार दिली, फोटो दिला, दोन्ही दिशांना मामा महिनाभर फिरले. सोलापूरच्या स्टँडवर, हैद्राबादच्या दिशेनं ट्रक थांबतात त्या प्रत्येक टपरीवर. परत आले तेव्हा शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि ते त्यांनी परत कधी लावून घेतलं नाही.

नंतर एका सकाळी भिंतीपलीकडून वेगळंच ऐकू आलं. गणेशच्या मोबाइलमधलं गाणं लागायचं, चार सूर झाले की बंद व्हायचं आणि तेच चार सूर बेंजोवर निघायचे. चुकायचे. परत मोबाइल. मी रविवारची घरी होते. मामांनी मला हाक मारली. ते मला 'बीए' म्हणायचे. आधी कौतुकानं, मग सवयीनं.

"ये बीए, ह्ये नावं वाच बरं."

पडद्यावर गाण्यांची यादी होती, सगळी जपानी अक्षरांत. मी म्हटलं, मामा, हे मला येत नाही.

"बीए झालीस आन् येवढं वाचाया येईना व्हय?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. म्हणून ते जास्त लागलं. मी धाराशिवला एका कार्यालयात नोकरीला लागले होते. दुपारच्या डब्याच्या सुट्टीत मी मोबाइलवरून ती अक्षरं गिरवायला लागले. माझ्या वडलांना मेंढराच्या कानावरची खूण बघून ते कुणाचं ते कळतं, अक्षर त्यांना एक येत नाही. त्यांची मुलगी जपानी वाचायला लागली. हे मी मिरवायलाच सांगते आहे.

मामांचा हिशेब सरळ होता. ही गाणी मराठवाड्यात बेंजोवर दुसरं कुणी वाजवत नाही. गणेश कुठल्या तरी हॉटेलात, गोदामात, रस्त्याच्या कडेला असणार. परण्या चालला असेल, गाणं कानावर पडलं तर तो मान वर करणारच. मान वर केली की त्याला कळणार, आपल्या बापाशिवाय हे कोण वाजवणार. आणि कळणार की बापानं ऐकलं. माफी मागायची दुसरी भाषा त्यांच्याकडं नव्हती.

म्हणून ते सुपारी घेताना अट घालायला लागले. बिदागी तुम्ही म्हणाल ती, पण परण्या स्टँडवरनं, नाहीतर मोठ्या रस्त्यावरनं न्यायचा, आणि त्यात एक गाणं माझं. लोकांना स्वस्त पडत होतं, त्यांना काय. धाराशिवला, नळदुर्गला, पार सोलापूरच्या वेशीपर्यंत मामा वाजवत गेले. सुरुवातीची गाणी परण्याला, शेवटची पाठवणीला, ही विभागणी त्यांनी आपल्या मनानं केली होती आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. धाराशिवच्या एका लग्नात मी होते. नवरी गाडीत बसताना मामांनी एक संथ जपानी गाणं काढलं. नवरीची आजी हुंदके देत देत शेजारणीला म्हणाली, लई जुनं गाणं हाय गं, आमच्या टायमाचं.

त्याच लग्नात कॉलेजची पाच-सहा पोरं गाणं ओळखून वेडी झाली. मोबाइल काढून नाचायला लागली, एकानं मामांना उचललंच. मामांनी वाजवणं थांबवलं. भर रस्त्यात, नवरदेव घोड्यावर असताना. प्रत्येक पोराच्या पुढं जाऊन खिशातला फोटो दाखवला आणि विचारलं, ह्याला वळखता का. पोरांनी मोबाइल खाली घेतले. मागून आरडाओरडा सुरू झाला तेव्हा कीबोर्डवाल्यानं मामांना दंडाला धरून जागेवर आणलं. दर ठिकाणी असं व्हायचं. गाणं ओळखणारा माणूस भेटला की मामांना वाटायचं, ह्याला गणेश माहीत असणार. जणू ती गाणी ऐकणारे सगळे एकाच गावचे.

आता त्यांच्या चुकीबद्दल सांगायला हवं.

मोबाइलमधली गाणी ॲनिमेतून काढलेली होती. ॲनिमेत गाणं दीड मिनिटाचंच असतं. मामांना वाटलं, जपानी माणसाचं गाणंच तेवढं. घाईची माणसं असत्यात, म्हणायचे. पण परण्याला दीड मिनिटाचं गाणं चालत नाही. एका चौकातून दुसऱ्या चौकात जायला पाच-सात मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गाणं हलवत ठेवावं लागतं. तेव्हा बेंजोवाले नेहमी करतात तेच मामांनी केलं. प्रत्येक गाण्याला पदरचं दुसरं कडवं जोडलं. इतकं बेमालूम, की मलाही वाटायचं ते तिकडचंच आहे.

दोन वर्षं अशी गेली. तोवर मामांचा डावा कान गेला होता. तीस वर्षं त्या बाजूला भोंगा होता. उजवाही जायला लागला होता. बेंजो लावताना ते पेटीच्या कडेवर दात टेकवायचे, लाकडातून सूर कळायचा. मामी म्हणायच्या, खाऊ नका ते, भाकर हाय घरात.

एके दिवशी डब्याच्या सुट्टीत गाण्यांची नावं लावता लावता मला त्यातल्याच एका बँडचा कार्यक्रम दिसला. खरं स्टेज, हजारो माणसं, आणि मामांचं पहिलंच गाणं. दीड मिनिट झालं आणि गाणं थांबलं नाही. पुढं गेलं, भलतीकडंच गेलं. चार मिनिटं चाललं. मी बाकीची शोधली. प्रत्येक गाणं तसंच. ॲनिमेसाठी तोडून घेतात, हे मला तोवर कळलं नव्हतं आणि गणेशनं सांगितलं नव्हतं.

सांगू नये असं आठ दिवस वाटलं. मग वाटलं, त्या मुलाला पूर्ण गाणी पाठ असणार, मामांनाही ती यायला हवीत. मी रविवारी मोबाइल मामांच्या उजव्या कानाला लावला. ते मान हलवत ऐकत होते. दीड मिनिटानंतर मान थांबली.

"ह्ये कुठलं?"

"हेच गाणं मामा. पुढचं."

त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग दुसरं लावायला सांगितलं. मग तिसरं. नंतर मोबाइल माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

"गन्या कुठं तरी हुबा राहिला आसंल बीए," ते म्हणाले. "पयलं ऐकून पाय थांबला आसंल त्याचा. फुडं माझं कायतरीच आल्यावर म्हनला आसंल, हा दुसराच कोन तरी हाय. आन् गेला आसंल. माझ्या हातानं म्या दोनदा घालवला त्येला."

पदवी अशा वेळी उपयोगी पडत नाही.

मामांनी बेंजो मामींच्या जुन्या लुगड्यात बांधून आढ्याला टांगला. मग तीन दिवसांनी काढला. खरी दुसरी कडवी शिकायची म्हणाले. मी मोबाइल धरून बसायचे, ते कान लावायचे, मग दात लावायचे. पण त्या गाण्यांत गिटार, ढोल, ओरडणं सगळं एकात एक मिसळलेलं. उरलेल्या कानाला त्यातला सूर वेगळा निघेना. दोन वर्षांपूर्वी निघाला असता. पाचव्या दिवशी त्यांनी कंगव्याची नखी मोडून चुलीत टाकली आणि बेंजो परत वर टांगला. आलेली सुपारी परत केली. सकाळचं दात घासणं बंद झालं. आमच्या घरी आता घड्याळ होतं, तरी आई त्या दिवसांत उशिरा उठायची.

तीन आठवड्यांनी शांतामामी आडतीवरून आल्या त्या पदर झटकत सरळ आमच्या दारात. म्हणाल्या, चल माझ्यासंगं, त्यांना तुझ्याम्होरं बोलायचंय. मामा खाटेवर होते. मामी त्यांच्या उजव्या बाजूला गेल्या आणि मोठ्यानं बोलल्या. अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल.

"आवं, ते दुसरं कडवं तुमी कुठनं आणलं ते तुमाला तरी ठावं हाय का? ते तुमचं सकाळचं दात घासनं हाय. समद्या गाण्यात तेच घातलंय. वरनं खाली, आन् मधनंच वर. म्या दोन वर्सं ऐकतीया."

मामा खाटेवर उठून बसले.

"तिकडचं खरं गाणं हज्जार जन वाजवत आसतील. पोरगं त्येच्यावर कशाला थांबंल? ते डबा कशावर बडवत हुतं?"

मामांनी हातानंच हवेत बटणं दाबली. खाली उतरली, थांबली, परत वर. मग खाटेवरून उठून त्यांनी बेंजो उतरवला. नखी नव्हती. मामींनी डोक्यातला कंगवा काढून त्याचा दात मोडून दिला. चांगला, न मोडलेला कंगवा.

मी त्या दिवशी मोबाइलवर ते चित्रित केलं. मामा दारात बसलेले, मागं पत्रा, शेजारी आमचं एक कोकरू मध्येच येऊन गेलेलं. आधी जपानी गाणं, मग दुसरं कडवं. गाणं सुरू व्हायच्या आधी पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बेंजो, अंकुश मास्तर, वाशी. खाली जपानीत गाण्याचं नाव. ती अक्षरं चुकू नयेत म्हणून मी चारदा तपासली. मामांना दाखवलं तर म्हणाले, माझं नाव कशाला पयलं? मी म्हटलं, तिकडं तशी रीत आहे.

खाली माझा नंबर घालून मी ते इंटरनेटवर टाकलं आणि लोकांनी पाहिलं. हसणारे हसले, काहींना आवडलं. एका जपानी माणसानं लिहिलं, हे वाद्य कुठलं? आमच्याकडच्या एका जुन्या वाद्यासारखं दिसतंय. मी शोधून पाहिलं तर खरंच होतं. आपल्या बेंजोचं मूळ तिकडचंच. बटणांची ती पेटी तिथं कुणीतरी बनवली, बोटीतून इकडं आली आणि आपल्या लग्नांत शिरली. मला वाटलं होतं, मामांना केवढं अप्रूप वाटेल. मी कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हंजी ह्ये बी घर सोडून आल्यालं हाय." बस.

गणेशचं काही आलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मामा मला दर रविवारी काही विचारायचे नाहीत, फक्त बघायचे. मी मान हलवायचे. मग ते बटणांना तेल घालायला लागायचे. या काळात उजवा कानही जवळजवळ गेला. वाजवताना सूर चुकतोय हे आम्हाला कळायचं, त्यांना नाही. कीबोर्डवाल्यानं दुसरी पार्टी धरली. मामा रोज दारात बसून तेच एक कडवं वाजवायचे, रस्त्यावरून जाणारे टेम्पो थांबवून कुणी ऐकेल अशा आशेनं. वाशीच्या त्या गल्लीतून टेम्पो कुठं जात नाही.

मग एका रविवारी दुपारी माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. मागं यंत्रांची घरघर.

"तायडे, ते दुसरं कडवं कुणी बसवलं?"

मी आवाज ओळखला. म्हटलं, ठेवू नको, ठेवू नको गणेश. आणि भिंतीला वळसा घालून जायला हवं हेही सुचलं नाही, मेंढरांच्या गव्हाणीवर पाय देऊन भिंतीवरून पलीकडं उडी मारली. मामा दारात होते. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं. त्यांनी मोबाइल ओढून घेतला, आधी उजव्या कानाला लावला, मग डाव्या, मग परत उजव्या. हॅलो, हॅलो, गन्या, हॅलो. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मी मोबाइल घेऊन गणेशला सांगितलं, त्यांना ऐकू येत नाही रे आता. मी बोलत राहिले, काय बोलले आठवत नाही. मामी आतून आल्या आणि नुसत्या दाराला धरून उभ्या राहिल्या.

मामांनी माझ्या हातातून मोबाइल परत घेतला. आवाज मोठा करून तो बेंजोच्या पेटीवर ठेवला आणि वाजवायला सुरुवात केली. जपानी गाणं नाही. सरळ दुसरं कडवं. वरून खाली, थांबून परत वर. एकदा, दोनदा. तार उतरलेली होती, सूर बेसूर होते. तिसऱ्या वेळेला मोबाइलमधून ठेका आला. पत्र्यावर किंवा कशावर तरी, चमच्यानं किंवा बोटांनी, मला माहीत नाही. तोच ठेका, आमच्या शाळेच्या वेळेचा.

मामांना तो ऐकू आला नाही. मी त्यांचा दंड हलवला आणि मोबाइलकडं बोट केलं. त्यांनी नखी खाली ठेवली, वाकले आणि पेटीच्या कडेवर दात टेकवले. पलीकडचा ठेका चालू होता. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि थोड्या वेळानं डाव्या हाताचं एक बोट जमिनीवर हलायला लागलं. बरोबर ठेक्यात.

मामा अजून आहेत. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही, पार्टी बंद झाली. पण माझ्या डोळ्यांपुढं ते येतात ते त्या दुपारचे, लाकडाला दात लावून बसलेले.

गणेश अजून घरी आलेला नाही. कुठं आहे ते त्यानं सांगितलेलं नाही, मामांनी विचारायला लावलंही नाही. रविवारी दुपारी त्याचा फोन येतो आणि मोबाइल पेटीवर ठेवला जातो. मुलगा जिवंत आहे, हे आई-बापाला कळलं. एवढं अंकुशमामांनी वाजवून मिळवलं.